हात गार करायचा माठ

आमच्या मत्स्यबीज केंद्राच्या दाराशी एक माठ असतो. तो पिण्याच्या पाण्याचा नाही. नवीन माणूस उन्हातून येतो, पेला शोधतो आणि मी तोंड उघडायच्या आत दोन घोट घेऊन मोकळा होतो. मग त्याला सांगावं लागतं की बाबा रे, यात आम्ही हात बुडवतो. कुणाचं तोंड वाकडं होतं, कुणी उगाच हसतं. एकाने तर तिथेच चूळ भरली. पिण्याचा माठ आत सावलीत आहे, त्यावर झाकण आहे, पण तिकडे कुणी बघत नाही.

केंद्र म्हणजे तरी काय, जानेफळच्या अलीकडे एका लहान तलावाच्या भिंतीखाली दोन गोल टाक्या, उंचावर एक पाण्याची टाकी, हिरवी जाळी आणि एक खोली. नोकरीतही मी हेच काम केलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एका भोई भागीदाराबरोबर हे उभं केलं. कटला, रोहू, मृगळ या माशांची अंडी टाकीत फिरती ठेवायची, फुटली की पिल्लं सांभाळायची आणि तलाववाल्यांना द्यायची. पावसाळ्याचं काम. बाकीचं वर्ष डागडुजीत जातं.

दाराशी तो माठ बायकोने ठेवला. नियमही तिचाच. अंड्यांना हात लावायच्या आधी हात माठात बुडवायचे, फडक्याला पुसायचे, मगच टाकीत घालायचे. "तापल्या हातानं त्याईले हात लावू नोका," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायची. मी या कामात केस पांढरे केले, प्रशिक्षणं घेतली, दिली, पण हा नियम कुठे ऐकला नव्हता. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "पुस्तकवाल्याईचे हात पंख्याखालचे असतीन. तुमचे पाहा, तव्यावानी तापले." नियमात तथ्य किती हे मी आजही सांगू शकत नाही. पण हात गार करायला काय जातं, म्हणून करत राहिलो, आणि करता करता अंगवळणी पडलं. इतकं की घरी जेवायला बसण्याआधीही मी हात जरा जास्तच वेळ पाण्याखाली धरायचो आणि ती म्हणायची, "भाकर आहे ते, अंडे नाई."

पाणी किती तापलं आहे यावर आमचं सगळं चालतं. कोंबडी अंड्यावर बसते, त्याला ऊब देते. मासळी तसलं काही करत नाही. अंडी सोडते आणि निघून जाते. मग पाणी हीच त्यांची आई, आणि ही आई त्या दिवशी जशी असेल तशी. सत्तावीस-अठ्ठावीस अंशाचं पाणी असलं की रोहूचं अंडं शहाण्यासारखं वाढतं. संध्याकाळी सोडलेलं अंडं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुटतं. भिंगाखाली धरलं तर आधी नुसता काचेचा मणी दिसतो, मग त्यात एक पांढुरकी रेघ येते, रेघेच्या एका टोकाला डोळ्यांचे ठिपके येतात, आणि मग ती रेघ आत वळवळायला लागते. ती वळवळ दिसली की आम्ही चहा टाकतो.

पाणी तापलं की अंडं घाई करतं. लोकांना वाटतं लवकर फुटलं म्हणजे बरंच झालं. बरं नसतं. आतलं पिल्लू तयार व्हायच्या आधीच बाहेर पडतं, पाठ वाकडी, शेपूट एका बाजूला, छातीपाशी पाण्याचा फुगा. ते पोहायला जातं आणि जागच्या जागी गरगरतं. पाणी फार गार असलं तर उलटं होतं. वाढ रेंगाळते, अंडं दिवसभर तसंच राहतं आणि त्याला बुरशी धरते. आणि या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे पाणी एकदम बदलणं. आमच्या ओळखीच्या एकाने पाणी तापलं म्हणून टाकीत बर्फाच्या लाद्या सोडल्या. अंडी पांढरी पडली, साबुदाण्यासारखी. आम्ही बघायला गेलो होतो. बायको त्याला सरळ म्हणाली, "लेकराले ताप आला त फ्रिजात ठेवता काय?" तो माणूस तिला पुढे कधी विसरला नाही. तिच्या जाण्याचं कळल्यावर सगळ्यात आधी तोच आला.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. काविळीचं निमित्त झालं. आठवडाभरात आटोपलं.

मला त्यानंतर काही झालं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. लोक भेटायला येत, हळू आवाजात बोलत, माझा हात हातात घेत. मी त्यांना चहा विचारायचो. विहारात वंदना झाली, पांढरी साडी नेसलेल्या तिच्या बहिणी रडल्या, मी सतरंज्या मोजून परत दिल्या. सगळे म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर होतो. योगायोग असा की त्याच सुमारास माझ्या बोटांची टोकंही बधिर व्हायला लागली होती. डॉक्टर म्हणाले साखरेमुळे, पथ्य पाळा. पूर्वी टाकीत हात घातला की पाणी किती असेल ते मला अंदाजे सांगता यायचं. आता गार आणि कोमट एकच लागायचं. मी थर्मामीटर दोऱ्याला बांधून टाकीत सोडून ठेवला आणि हाताच्या भानगडीत पडायचं सोडलं. माठात मात्र हात बुडवत राहिलो.

आम्हाला एकच मुलगी. तिला अमडापूरला दिली आहे. जावई रेल्वेत, दूर गुजरातकडे. आई गेली तेव्हा तिला दिवस गेलेले होते, नुकतंच कळलं होतं. माशाच्या पिल्लांना आमच्या धंद्यात टप्प्याटप्प्याने नावं आहेत. अंड्यातून निघालेलं ते जिरं, कारण खरंच जिऱ्याएवढं असतं. मग बीज. मग बोटाएवढी झाली की बोटुकली. मुलगी लहानपणापासून हे ऐकत वाढली. तिने आईला फोनवर बातमी दिली तीही अशीच, "आई, अजून जिरंच आहे." आई खूश होऊन म्हणाली होती, "पह्यल्याले इकडंच ये. मी आहो."

म्हणाली तर होती.

मुलीच्या सासूने पुढे विषय काढला. "भाऊ, राग नोका मानू, पण घरात बाईमाणूस नाई. तुमी बाळंतपण कसं करान?" बाई चुकीचं काही बोलत नव्हती. मलाही तेच वाटत होतं. पण मुलगी ऐकेना. आईनं बोलावलं आहे, मी जाणार. मग मी आणायला गेलो. येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली आणि मी तिला पाण्याची बाटली दिली. दुसरं काही सुचलं नाही. एवढं मात्र मला कळत होतं की बायकोने जाताना माझ्याकडे काही मागितलं नाही, हेच एक काम तिच्या नावावर राहिलं आहे, आणि ते आता माझ्या दारात आहे. ते नीट पार पडलं पाहिजे. बाकी कशाची मला पर्वा नव्हती.

स्वयंपाक शेजारची बाई करून द्यायची. मी मुलीला डाळिंब सोलून द्यायचो. तिचे पाय सुजत. मी विचारलं तर म्हणायची, असतेच बाबा, सगळ्याईले असते. महिन्याची तपासणी चालू होती. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता.

जुलैत पावसाने उघाड दिली. वर ढग, खाली उकाडा, वारा नाही. अशा दिवसांत तलावाचं पाणी वरवर तापतं आणि आम्ही सगळे आभाळाकडे बघतो. त्या आठवड्यात आम्ही रोहूच्या मोठ्या माद्यांना अंडी सोडावीत म्हणून इंजेक्शन दिलं होतं. बायको असताना निवडलेल्या माद्या, पाळून मोठ्या केलेल्या. सकाळी टाकीत अंडी फिरत होती, स्वच्छ, काचेसारखी. मी वरच्या टाकीवर ओली पोती टाकत होतो, तेवढ्यात शेजारच्या बाईचा फोन आला. मुलीचं डोकं खूप दुखतं आहे, डोळ्यापुढे चमकतं आहे म्हणते.

भागीदाराने पोतं माझ्या हातातून घेतलं. "तुमी जा दादा. मी आहो."

हे शब्द ऐकून मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. मग गेलो.

रक्तदाब फार वाढला होता. दवाखान्यात नेल्यानेल्या त्यांनी सांगितलं, थांबता येणार नाही, बाळ काढावं लागेल. मी सही केली. दुपारी नात झाली. मला दुरून दाखवली. हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, लालसर, तळहातावर मावेल असं. मग ती काचेआड गेली, मुलगी दुसऱ्या वॉर्डात, आणि मी मधल्या व्हरांड्यात. जावयाला फोन केला. त्याला पोचायला दोन दिवस लागणार होते. त्या व्हरांड्यात बसून मला काय वाटत होतं असं नंतर मुलीने विचारलं. खरं सांगायचं तर मी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होतो. त्यातल्या बाईच्या साडीचा रंग मला अजून आठवतो.

मुलगी शुद्धीवर आली, मला आत सोडलं. ओठ कोरडे, हाताला सुई. पहिला प्रश्न तिने तोच विचारला.

"बाबा, जिरं का बोटुकली?"

"जिरं," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून घेतले. मला वाटतं मी खोटं बोलायला हवं होतं. पण त्या शब्दांत आमच्या घरात कुणी कधी खोटं बोललेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भागीदाराचा फोन आला. आदल्या दुपारी वीज गेली, मोटर बंद, वरची टाकी रिकामी झाली, फिरतं पाणी थांबलं आणि तापलं. त्याने बादल्यांनी पाणी घातलं, पोती ओली ठेवली, जे करायचं ते सगळं केलं. अंडी वेळेआधी फुटली. "वाकडे निंघाले दादा," तो म्हणाला, "सारे गरगर फिरून राह्यले." त्याचा आवाज बसला होता. मी म्हणालो, असू दे. तो म्हणाला, दादा, वहिनीच्या माद्या होत्या. मी पुन्हा म्हणालो, असू दे. फोन ठेवला आणि मुलीसाठी नारळपाणी आणायला गेलो. एरवी एवढ्या नुकसानीने मी दोन दिवस जेवलो नसतो.

बाळाला काचेच्या पेटीत ऊब देत होते. वर दिवा, पायाला चिकटवलेली तार, बाजूला आकडे. मी त्या आकड्यांकडे बघून सिस्टरला विचारलं, पाणी किती, म्हणजे ताप किती ठेवता? तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि सांगितलं. आमच्या टाकीपेक्षा कितीतरी जास्त. मनात आलं, एवढ्यात तर सगळं शिजून जाईल. घाई होईल, वाकडं होईल. माझ्या डोक्यात ऊब आणि वाकडेपणा हे इतकी वर्षं एकत्र बसलेले होते की मी त्या दिव्याकडे शत्रूसारखं बघत होतो.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, आता पेटीतून थोडा थोडा वेळ बाहेर काढू, कांगारू करायचं आहे. मला काही कळेना. मासेवाल्याला कांगारू कशाला? तिने समजावलं. बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं, वरून पांघरूण. माणसाच्या अंगाची ऊब सगळ्यात चांगली. आईचा रक्तदाब अजून खाली येत नाही, तिला उठता येत नाही. बाप वाटेत. सासू आली होती, पण तिला खोकला, तिला दारातूनच परत पाठवलं.

"मंग तुमीच बसा काकाजी. शर्ट काढा. हात धुऊन या साबणानं, कोपरापर्यंत."

मी कोपरापर्यंत हात धुतले. आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाही कळलं नाही, मी व्हरांड्यातल्या थंड पाण्याच्या नळापाशी गेलो आणि दोन्ही हात त्याखाली धरले. बराच वेळ. बोटांना काही लागत नव्हतं, म्हणून आणखी थोडा वेळ. मग झटकले, पुसले आणि आत गेलो.

सिस्टरने बाळ माझ्या हातांवर ठेवलं. ते एकदम आक्रसलं. हातपाय आत ओढले, तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. सिस्टरने झटक्यात त्याला परत उचललं आणि माझा तळवा दाबून पाहिला.

"अहो काकाजी! हात बर्फात घातले होते काय?"

"धुतले ना."

"धुवायले सांगतलं होतं, गोठवायले नाई! एवढूसं लेकरू गारठून जाईन ना! काऊन करता असं? जरा त डोकं चालवा!"

आसपासच्या बायका बघायला लागल्या. मी सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे असंच असतं, तापला हात लावायचा नसतो. तिला अर्थातच काही समजलं नाही. ती म्हणाली, "चोळा हात. अजून चोळा. गरम होईपर्यंत चोळत राहा, मीच पाहीन." मी उघड्या अंगाने त्या खुर्चीवर बसून हात चोळत राहिलो, शिक्षा केल्यासारखा. आणि माझ्या लक्षात आलं की महिने झाले, मला कुणी रागावलं नव्हतं. घरी, केंद्रावर, विहारात, सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलत होते. या बाईने मला झापलं, तसं घरी रोज एकदा तरी कुणी झापायचं. छातीत काहीतरी हललं. फार नाही, आणि लगेच थांबलंही.

तिने माझे तळवे पुन्हा दाबून पाहिले, मान हलवली आणि बाळ माझ्या छातीवर ठेवलं. एक गाल माझ्या छातीच्या केसांत, पाय पोटावर बेडकासारखे दुमडलेले. वरून पांघरूण गुंडाळलं. हलू नका म्हणाली.

मी हललो नाही. रोज सकाळी आणि दुपारी बसायला लागलो. जावई आला, पण त्याला प्रवासात सर्दी झाली होती, त्यालाही काचेबाहेर उभं केलं. तो तिथून माझ्याकडे हात जोडून बघायचा आणि मला अवघडल्यासारखं व्हायचं. बाळाशी काय बोलायचं ते मला येत नव्हतं. अंगाई बायकोला यायची. इतर बायका आपापल्या लेकरांशी गुणगुणत असायच्या, मी एकटा गप्प, म्हणून सिस्टर म्हणाली, बोला काकाजी, तिले आवाज कळते. मग मला जे येतं ते मी सांगायला लागलो. म्हणालो, हे बघ, पाणी अठ्ठावीसच्या आसपास असावं. त्याच्या वर गेलं की अंड्याला घाई होते. तू घाई केलीस. तुझा दोष नाही, पाणीच तसं होतं. पण माशाला नंतर काही करता येत नाही, तुला येतं. तुझी पाठ सरळ आहे, मी पाहिली. शेपूट नाहीच, म्हणजे तो प्रश्न मिटला. शेजारची बाळंतीण हे ऐकून हसत होती. हसू दे म्हटलं.

एका दुपारी मी असाच बोलत होतो. पाणी एकदम बदलू नये, हा भाग चालला होता. पांघरुणाखाली माझे हात तिच्या पाठीवर होते. हातांना काही कळत नव्हतं, ते तसेच होते, लाकडाचे. पण पोटावर मला काहीतरी लागलं. गार. दोन लहान गार ठिपके. तिचे तळपाय होते. थोड्या वेळापूर्वी ते गार नव्हते, हे माझ्या पोटाला माहीत होतं. मी खाली पाहिलं. तिचं तोंड शांत होतं, ओठांभोवतीचा रंग जांभळट, आणि छातीवर जी सारखी फडफड जाणवायची ती नव्हती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सिस्टर सांगते की मी म्हणालो, "पाणी थांबलं! पाणी थांबलं!"

ती धावत आली. बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली, पुन्हा टिचकी. डॉक्टर आले. मला बाजूला केलं. मी उघडाच, भिंतीला लागून उभा होतो. माझ्या पोटावर ते दोन गार ठिपके तसेच होते, आणि मी त्यांच्यावर हात ठेवून उभा होतो, जणू काही ते पडून जातील. मला भीती वाटत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी भीती वाटत होती. मी मनात बायकोला शिव्या देत होतो. मी आहो म्हणालीस. कुठे आहेस?

मग एक बारीक, चिडलेला आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा.

सिस्टर म्हणाली, असं होतं लवकर झालेल्या लेकरांना, श्वास घ्यायचा विसरतात, लक्ष ठेवावं लागतं. तुम्ही वेळेवर सांगितलंत. मी तिला विचारलं, परत बसू का? ती म्हणाली आज नाही, उद्या. आणि जाता जाता म्हणाली, "हात चोळून येजा."

मुलीला हे मी लगेच सांगितलं नाही. रक्तदाब खाली आल्यावर तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि बाळ तिच्या छातीवर ठेवलं, तेव्हा सांगितलं. तिने फक्त विचारलं, गार पाय तुम्हाला कळले? तुमची बोटं तर... मी म्हणालो, बोटांना नाही, पोटाला. बाळाचे पाय तिने आपल्या मुठीत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पुढे सगळं सावकाश झालं. तोळा तोळा वजन वाढायचं. पाऊस परत आला, गेला. आम्ही घरी आलो. शेजारची बाई शेक-शेगडी बघायची, मी लंगोट धुवायचो आणि मुलीची बोलणी खायचो, कारण मला ते नीट पिळता येत नव्हते. बाळाला घ्यायच्या आधी मी हात चोळायचो. मुलगी म्हणायची, बाबा, आता गरज नाही, ती धडधाकट आहे. मी चोळायचोच.

हंगाम संपत आला तेव्हा भागीदार घरी येऊन म्हणाला, दादा, काही माद्या उरल्या आहेत, शेवटचा एक प्रयत्न करू, पाणी छान उतरलं आहे. त्या मोठ्या माद्यांतली एक त्यात होती. मी हो म्हणालो. ज्या सकाळी अंडी टाकीत आली, त्याच सकाळी मुलगी अमडापूरला परत जायची होती. जावई घ्यायला येणार होता. मी म्हटलं, अंडी बघून तासाभरात येतो.

गेलो तर टाकीत अंडी फिरत होती. स्वच्छ. थर्मामीटरचा पारा मला हवा तिथे होता. भागीदाराने भिंग दिलं. मी दाराशी गेलो. माठ भरलेला होता, फडकं दांडीवर होतं, तिच्याच जुन्या लुगड्याचं.

"दादा," भागीदार मागून म्हणाला, "हात काऊन चोळून राह्यले? थंडी वाजते काय?"

मी खाली पाहिलं. मी माठापाशी उभा राहून दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होतो. जोरात. घाम येत होता आणि मी हात गरम करत होतो, अंड्यांसाठी. तिने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती ते मला शब्दाशब्दाने ऐकू आलं, आणि मग मी रडायला लागलो. माठाच्या काठाला धरून, भागीदारासमोर, नाक गळेपर्यंत. ती गेली आहे हे मला त्या दिवशी कळलं. हिवाळ्यात ते सगळ्यांना कळलं होतं, मला कळायला सप्टेंबर लागला.

भागीदाराने नळ थोडा कमी केला आणि टाकीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने मी तोंड पुसलं. तो माठाकडे बोट दाखवून म्हणाला, "बुडवता ना हात?"

"तूच बुडव आज," मी म्हणालो. "माझे नको गार करायला. पोरगी निघायची आहे, नातीला घ्यायचं आहे मला."

त्याने हात माठात बुडवले, लुगड्याच्या फडक्याला पुसले आणि टाकीत घातले. मी हात खिशात घालून घराकडे निघालो.